चपला दाराबाहेर, पाय टेबलाखाली

महाराष्ट्रातल्या कितीतरी लहानमोठ्या दवाखान्यांत पेशंट चपला दाराबाहेर काढूनच आत जातो. म्हणजे डॉक्टरांसमोर बसलेल्या मधुमेही माणसाचे पाय आधीच उघडे असतात. पण ते टेबलाखाली असतात, आणि टेबलावर चाललेलं सगळं बोलणं आकड्यांचं असतं: उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती. गोळी बदलते, पथ्याची आठवण करून दिली जाते, पुढची तारीख मिळते. पेशंट उठतो, बाहेर येऊन चपला घालतो आणि घरी जातो. त्याच्या पावलांकडे वाकून कोणी पाहिलेलंच नसतं.

मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत पाय बघणं ही वरची, जमलं तर करायची गोष्ट आहे, असा समज पेशंटमध्ये आहे, घरच्यांमध्ये आहे आणि बऱ्याच डॉक्टरांमध्येही आहे. तो समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत माणसं बोटं, पावलं आणि पाय देऊन मोजत आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचं दाखवलं. राज्यवार पाहता सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेही माणसाला आयुष्यात केव्हातरी पायाला न भरणारी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के आहे, असा अंदाज या विषयातले जाणकार देतात. त्यातला खालचा आकडा धरला तरी आपल्या देशापुरता हा हिशेब दोन कोटींच्या आसपास जातो. आणि अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात १९९० सालीच दिसलं होतं की मधुमेहात पाय कापावा लागलेल्या दर शंभरांपैकी चौऱ्याऐंशी जणांच्या बाबतीत आधी एक जखम होती, आणि बहुतेक वेळा तिची सुरुवात एखाद्या किरकोळ इजेपासून झाली होती. बूट चावला, नख काढताना कापलं, काटा गेला, एवढंच.

सगळ्यांत घट्ट बसलेला युक्तिवाद पेशंटचाच असतो: पाय दुखत नाही, मग दाखवायचा कशाला? इतर आजारांत हा हिशेब चालून जातो. मधुमेहात तो उलटा आहे. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने मज्जातंतू खराब होतात आणि सगळ्यांत लांबचे, म्हणजे पावलांपर्यंत जाणारे तंतू आधी जातात. स्पर्श, उष्णता, वेदना कळवणारे तंतू गेले की पाय बधीर होतो. पावलातले बारीक स्नायू हलवणारे तंतू गेले की बोटं आकडीसारखी वळतात, चवड्याची हाडं खाली उतरतात आणि शरीराचा भार नको त्या जागी पडू लागतो. तिथे घट्टा पडतो, आणि तो घट्टाच पुढे खालच्या मांसाला दाबत राहतो. घाम आणणारे तंतू गेले की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात आणि जंतूंना वाट मिळते. या तिन्ही गोष्टी एकाच पायात चालू असताना तो पाय दुखत नसतो. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार येऊन पावलात रुतलेला असतो आणि माणूस शेताला फेरी मारून घरी येतो. शहाबादी फरशीवर रक्ताचे ठसे दिसले की घरच्यांना कळतं.

त्यातली एक गोष्ट तर फार चकवणारी आहे. काहींच्या पायांची सुरुवातीला रात्र रात्र आग होते, मुंग्या येतात. पुढे कधीतरी ही आग थांबते आणि औषधाला गुण आला म्हणून घरात हायसं वाटतं. गुण आलेला असू शकतो. पण आग कळवणारे तंतूच उरलेले नाहीत, हेही कारण असू शकतं. दोन्हींतलं खरं कोणतं, हे पाय तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

बधीर पायाची ही सगळी विद्या परदेशातून आयात केलेली आहे, असंही मानलं जातं. ती मुळात भारतात, कुष्ठरोग्यांच्या पावलांपाशी बसून शिकलेली विद्या आहे. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असं तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप झडत नाही. दुखणं कळत नसल्याने ते रोजच्या इजांनी झिजतं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून नाहीशी होत. पहारा ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर ती कुरतडतात आणि रुग्णाला जागच येत नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर दिलं जाऊ लागलं. आजही आपल्याकडच्या मधुमेही पावलांच्या वैद्यकीय नोंदींत उंदराने कुरतडल्याच्या जखमा आढळतात. रोग वेगळा, इजेची तऱ्हा मात्र तीच.

ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींचे बधीर पायही याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १९८६ मध्ये बर्क आणि सिम्स या तिथल्या दोघांनी कुष्ठरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही रुग्णांच्या तळव्यांवर वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू टेकवून पाहिले, आणि तळव्यावर जखमा झालेल्यांपैकी कोणालाही १० ग्रॅम दाबाचा तंतू जाणवत नसल्याचं आढळलं. आज जगभर मधुमेही पाय तपासायला जो १० ग्रॅमचा तंतू, म्हणजे मोनोफिलामेंट, वापरतात त्याचा आधार हा आहे. हा शोधनिबंध कुष्ठरोगाला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरोग्यांसाठीची केंद्रं ज्या राज्यात उभी राहिली, त्या राज्याला तरी बधीर पाय ही नवी गोष्ट नसावी. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बधीर पाय असलेल्या रुग्णाला सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, मऊ चपला देण्याची तरतूद आहे. रोज पाय बघा, पाण्यात भिजवा, घट्टा घासा, तेल लावा, हे त्याला बसवून शिकवलं जातं. तितकाच बधीर पाय घेऊन मधुमेही माणूस त्याच सरकारी दवाखान्यात गेला तर त्याला सहसा साखरेच्या गोळ्यांची पट्टी मिळते आणि तो रबरी स्लीपर ओढत परत जातो. ही तफावत पैशाअभावी आलेली नाही. मधुमेहात पाय हा तपासायचा अवयव आहे, हे डोक्यात न बसल्याने ती आली आहे.

ही तपासणी असते तरी केवढी? बाकावर सत्तरीतले आजोबा बसलेले आहेत. सिस्टर पुढ्यात स्टुलावर बसून त्यांचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतात. हातात पेनाएवढी मूठ आणि तिच्या टोकाला नायलॉनचा तंतू. "आजोबा, आधी हाताला लावून दाखवते. असं लागतं, बघा. आता डोळे मिटा. लागलं की सांगा, आणि कुठल्या पायाला लागलं तेही सांगा." तंतू कातडीवर सरळ उभा टेकवायचा, तो किंचित वाकेपर्यंतच दाबायचा आणि उचलायचा, सगळं मिळून दोन सेकंद. अंगठ्याचा तळ, अंगठ्याखालचा चवडा, करंगळीखालचा चवडा, अशा प्रत्येक पायाच्या तीन जागा. घट्ट्यावर टेकवायचा नाही. प्रत्येक जागी दोनदा खरोखर टेकवायचा आणि एकदा न टेकवताच विचारायचं, "लागलं का?"

हा तिसरा, फसवा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडची वडीलधारी माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून "हो, लागतंय की" म्हणून मोकळी होतात. न टेकवता विचारलेल्या प्रश्नालाही "लागलं" असं उत्तर आलं की सिस्टरांना खरं काय ते कळतं. तिन्हींपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी रक्षण करण्याइतकी संवेदना शाबूत आहे. दोन चुकली तर तो पाय धोक्यात आहे.

इथे एक आडवाट घ्यायला हवी, कारण पायांच्या तपासणीचा गाजावाजा जिथे होतो त्या मोफत शिबिरांतच ती बऱ्याचदा बिघडते. नायलॉनचा तंतू पुन्हा पुन्हा वाकवल्याने थकतो आणि १० ग्रॅमपेक्षा कमी दाबाला वाकू लागतो. म्हणून दहा-पंधरा माणसं तपासून झाली की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. एकाच तंतूने सकाळपासून दोनशे जणांचे पाय तपासणाऱ्या शिबिराचे दुपारनंतरचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. त्याहून मोठा दोष पुढचा. बधीरपणा मोजणाऱ्या यंत्राचा रंगीत कागद हातात पडतो, त्यावर "सिव्हिअर" असा शब्द असतो, आणि पुढे कोणाकडे जायचं, कोणती चप्पल घ्यायची, घट्टा कोण काढून देणार, हे कोणीच सांगत नाही. तो कागद फायलीत जातो. अशी शिबिरं भरवणाऱ्यांनी एक अट स्वतःवर घालून घ्यावी: ज्याचा पाय धोक्यात निघाला त्याला त्याच दिवशी नाव, पत्ता आणि तारीख द्यायची.

आता डॉक्टरांची बाजू. सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर पेशंट, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, त्यात पाय कधी बघायचे? ही तक्रार खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणं चुकीचं ठरेल. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. पाय बघायला डॉक्टरच लागतो असं नाही, आणि तंतूही लागतोच असं नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचचे डॉ. गेरी रेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक पद्धत प्रसिद्ध केली, ज्यात तर्जनीखेरीज कोणतंही साधन नाही. पेशंटने डोळे मिटायचे. दुसऱ्याने त्याच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला, मग उजव्या करंगळीला, मग डाव्या अंगठ्याला, डाव्या करंगळीला, शेवटी दोन्ही पायांच्या मधल्या बोटांना एकेकदा हलकेच, एक-दोन सेकंद बोट टेकवायचं. टोचायचं नाही, चोळायचं नाही, थोपटायचं नाही, आणि लागलं नाही म्हणून पुन्हा जोरात दाबायचं तर मुळीच नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरायचं. नायलॉनच्या तंतूशी ताडून पाहिल्यावर या पद्धतीचे निष्कर्ष चांगले जुळले. वेळ मिनिटभराचा. रांगेत बसलेल्या सासूबाईंच्या पायांना सूनही हे करू शकते आणि आत गेल्यावर डॉक्टरांना सांगू शकते की आईंना डाव्या पायाच्या दोन बोटांना कळत नाही. एवढं वाक्य कानावर पडल्यावर पाय न बघता पुढची तारीख देणारा डॉक्टर विरळाच.

त्याच इप्सविचचा आणखी एक दाखला "पाय कापणं नशिबात असेल तर टळत नाही" म्हणणाऱ्यांसाठी आहे. तिथल्या रुग्णालयाने मधुमेही पायांसाठी वेगवेगळ्या शाखांची एकत्र टीम उभी केली आणि १९९५ ते २००५ या काळातला हिशेब मांडला. दर दहा हजार मधुमेहींमागे घोट्याच्या वरून पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया ३६.४ वरून ६.७ वर आल्या. घट ८२ टक्क्यांची. यामागे कोणतंही चमत्कारी औषध नव्हतं. पाय वेळेवर बघितले जात होते आणि बिघडलेला पाय वेळेवर योग्य माणसापर्यंत पोचत होता.

बधीरपणाची तपासणी अशी बोटावर होते. रक्तपुरवठ्याची थोडी अवघड आहे आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत. पहिला गैरसमज म्हणजे "पाय गरम आहे, रक्त खेळतंय." मधुमेहात रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणारे तंतू खराब झाले की रक्त आडमार्गाने कातडीजवळून वाहतं. पाय गरम, कोरडा, शिरा फुगलेला असा दिसतो. तो गरम आहे एवढ्यावरून बोटांच्या टोकांपर्यंत पुरेसं रक्त पोचतंय असं म्हणता येत नाही. दुसरा गैरसमज चालण्याबद्दलचा. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हे लक्षण बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पण ज्याचे वेदना कळवणारे तंतूच गेले त्याची पोटरी भरून येईलच असं नाही. तो तक्रार करत नाही आणि त्याचं पहिलं लक्षण एकदम काळं पडलेलं बोट असतं.

तिसरा गैरसमज यंत्रावरच्या भाबड्या भरवशाचा. घोट्यापाशी आणि दंडावर रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. त्याला एबीआय म्हणतात. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं समजतात. तपासणी चांगली आहे, स्वस्त आहे. पण मधुमेहात धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं आणि ती जुन्या नळाच्या पाइपसारखी कडक होते. रक्तदाबाचा पट्टा तिला दाबू शकत नाही, म्हणून आकडा खोटाच वाढलेला येतो. अडथळा असूनही १.० किंवा १.१ असं निर्धास्त करणारं उत्तर मिळतं, १.३ च्या वर गेला तर आकडा बोलूनचालून संशयास्पदच. म्हणून मधुमेही माणसाचा "नॉर्मल" रिपोर्ट बघून फाइल मिटणं धोक्याचं आहे. पायाच्या पाठीवरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी चाचपावी, डॉप्लर यंत्रावर नाडीच्या आवाजाची लय ऐकावी आणि शंका असेल तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्या या कडकपणातून बऱ्याच अंशी सुटलेल्या असतात. जखम असलेल्या पायात हा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर तातडीने रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवायचं असतं. आठवडाभर ड्रेसिंग करून बघू, असं म्हणायला तिथे जागा नसते.

आणि चौथा, सगळ्यांत घातक. "शुगरमध्ये बारीक रक्तवाहिन्याच बंद होतात, त्यामुळे काही करता येत नाही, कापावंच लागेल." हे वाक्य आजही नातेवाइकांच्या कानावर पडतं. त्याचं मूळ १९५९ सालच्या एका अभ्यासात आहे, ज्यात कापलेल्या पायांच्या बारीक धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली बंद दिसल्याचं म्हटलं होतं. पुढच्या संशोधनात ते टिकलं नाही. १९८४ साली लोगर्फो आणि कॉफमन या संशोधकांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या समजुतीचा पाडाव केला. मधुमेहात अडथळे प्रामुख्याने गुडघ्याखालच्या मोठ्या धमन्यांत येतात आणि पावलातल्या धमन्या बऱ्याचदा उघड्या राहतात. म्हणजे बायपास करून किंवा फुग्याने धमनी उघडून पावलापर्यंत रक्त नेता येतं. प्रत्येक पाय वाचतो असं नाही. पण रक्तपुरवठा मोजल्याशिवाय आणि तो वाढवता येतो का हे पाहिल्याशिवाय, जीव धोक्यात नसताना, पाय कापायला संमती मागणं हा पेशंटवर अन्याय आहे. घरच्यांनी त्या सहीच्या आधी एक प्रश्न विचारावा: धमन्यांची तपासणी झाली का?

"शुगर कंट्रोलमध्ये असेल तर पायाचं काही होत नाही," हा सुशिक्षितांचा आवडता युक्तिवाद. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने मज्जातंतूंचा बिघाड ६० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९३ सालच्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं. पण आपल्याकडचे बहुसंख्य मधुमेही टाइप २ चे आहेत आणि त्यांच्यात हा फायदा बराच कमी दिसतो. टाइप २ मधुमेह निदानाआधी काही वर्षं गुपचूप चालू असतो. म्हणूनच टाइप १ मध्ये पाच वर्षांनी पाय तपासायला सुरुवात केली तरी चालते, टाइप २ मध्ये निदानाच्या दिवशीच करायची असते. आणि गेलेली संवेदना आज साखर उतरल्याने उद्या परत येत नाही. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६.८ आलेल्या माणसाचा पाय बधीर असू शकतो, त्याच्या चवड्यावर घट्टा असू शकतो, त्या घट्ट्याखाली पू असू शकतो. प्रयोगशाळेच्या कागदावर यातलं काहीही उमटत नाही.

एक आक्षेप खऱ्या अभ्यासूंचा आहे. ते म्हणतात, नुसत्या स्क्रीनिंगने पाय वाचतात याचा पुरावा कुठे आहे? मुद्दा रास्त आहे. पेशंटला एकदा बसवून उपदेश केला की जखमा कमी होतात, असा भक्कम पुरावा कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मिळाला नाही. पण त्यातून तपासणी सोडून द्यावी असं निघत नाही. तपासणीच्या पुढे काहीतरी जोडावं असं निघतं. लिव्हरपूलमध्ये सुमारे दोन हजार मधुमेहींवर केलेल्या चाचणीत निम्म्यांची तपासणी करून त्यातल्या जोखमीच्या लोकांना पाय जपण्याच्या कार्यक्रमात घेतलं आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार चालू ठेवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पहिल्या गटात एकाचा पाय वरून कापावा लागला होता, दुसऱ्या गटात बारा जणांचा. घट्टे काढणं, योग्य पादत्राण, पुन्हा पुन्हा बोलावणं, जखम दिसताच त्याच आठवड्यात उपचार, यातलं जे जे तपासणीला जोडलं जातं त्यानेच पाय वाचतात. नुसता घट्टा काढल्याने तिथला दाब जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. हे काम शिकलेल्या हाताने करायचं आहे; दाढीच्या ब्लेडने घरी बसून नव्हे, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपने तर अजिबात नव्हे, कारण तिच्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडला कुरूप आणि चांगली कातडी यातला फरक कळत नाही आणि बधीर माणसाला भाजलेलं कळत नाही.

घरातल्या सवयींबद्दल बोलताना वैद्यकीय लेखन बहुधा दोनपैकी एक टोक गाठतं: परंपरेला नावं ठेवणं, किंवा तिच्याबद्दल गप्प बसणं. दोन्हींचा उपयोग नाही. नवरात्रात अनवाणी राहण्याचं व्रत घेणाऱ्या बायका आहेत, दुपारच्या तापलेल्या फरशीवरून देवळाला प्रदक्षिणा घालणारी माणसं आहेत, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे वारकरी आहेत. त्यांच्यातल्या मधुमेहींना "जाऊ नका" असं सांगून ते घरी बसणार नाहीत, आणि त्यांनी बसावं असं म्हणण्याचंही कारण नाही. वारीला निघण्याआधी पाय तपासून घ्यायचे, वापरून मऊ झालेली पादत्राणं घालायची, मुक्कामाला पोचल्यावर दोघांनी एकमेकांचे तळवे बघायचे, फोड दिसला तर फोडायचा नाही आणि दिंडीबरोबरच्या वैद्यकीय पथकाला दाखवायचा. बधीर पायाने अनवाणी व्रत करण्याऐवजी दुसरं काही व्रत घ्या, हे घरातल्या कोणीतरी आईला स्पष्ट सांगायला हवं. तळव्याला चटका बसतो तेव्हा तिला तो कळतच नाही. संध्याकाळी फोड दिसतो.

गरम पाण्यात पाय शेकण्याची तर आपल्याकडे घरोघर सवय. बधीर पाय पाण्याचं तापमान सांगू शकत नाही. पाणी आधी कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी बघायचं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या कोकणात भातलावणीच्या दिवसांत कोणी मोजतही नाही. मधुमेही माणसाच्या बाबतीत त्या बेचक्यातूनच जंतू आत शिरतात आणि दोन-तीन दिवसांत पाऊल सुजतं. बेचकी कोरडी पुसायची आणि बुरशीवरचं मलम लावायचं. घट्ट झालेली जोडवी सैल करून घ्यायची. घरात चप्पल घालणं आपल्या संस्कारात बसत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर घरासाठी वेगळी, कधीच बाहेर न नेलेली मऊ चप्पल हा तोडगा कितीतरी घरांनी मान्य केला आहे.

हे सगळं करून दाखवणारी माणसं आपल्यातलीच आहेत. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्याबरोबर या शतकाच्या सुरुवातीला "स्टेप बाय स्टेप" हा कार्यक्रम उभा केला. त्याची रीत नेमकी होती: एकट्या डॉक्टरला शिकवायचं नाही, डॉक्टर आणि त्याच्याबरोबर काम करणारी नर्स किंवा सहायक अशी जोडी बोलवायची. काही काळाने तीच जोडी पुढच्या प्रशिक्षणाला परत यायची. डॉक्टरची बदली झाली किंवा ओपीडी भरून वाहिली तरी पाय बघणारा एक हात मागे राहतो, हा त्यामागचा विचार पुण्यामुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपेक्षा तालुक्याच्या ठिकाणी जास्त कामाचा आहे.

कोणाचे पाय किती वेळा बघायचे, याचंही वेळापत्रक ठरलेलं आहे. संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा. त्यातलं एक बिघडलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडली असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बदललेला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. दोन्हींतलं एक तरी बिघडलेलं असून आधी जखम होऊन भरली असेल, बोट किंवा पाय कापला गेला असेल, किंवा मूत्रपिंड निकामी होण्याच्या शेवटच्या टप्प्यावर असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. म्हणजे शंभर पेशंटांच्या ओपीडीत रोज शंभर जणांचे पाय बघा असं कोणी म्हणत नाही. केस पेपरवर रक्तदाबाच्या चौकटीशेजारी पायांची एक चौकट छापली आणि तिच्यात तारीख लिहिली की आज कोणाचा पाय बघायचा ते नंबर लावतानाच कळेल.

सरकारी यंत्रणेत तर अर्धं काम होऊन बसलं आहे. तिशी ओलांडलेल्या माणसांसाठी आशाताई घरोघर जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात तळव्यांना वारंवार मुंग्या येतात का आणि तळव्यावर पुन्हा पुन्हा जखम होते का, हे प्रश्न आहेत. ते कुष्ठरोग डोळ्यांसमोर ठेवून घातलेले आहेत. उत्तर "हो" आलं आणि कुष्ठरोग निघाला नाही, तर त्या माणसाची साखर आणि पाय तपासायचे, अशी एक ओळ त्याच फॉर्मवर वाढवता येईल. बधीर तळवा कसा तपासायचा हे कुष्ठरोग तंत्रज्ञांना वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना ते एका दुपारी शिकवावं. उपजिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात आठवड्यातला एक दिवस पायांसाठी ठेवावा, तिथे हातात धरायचा एक डॉप्लर असावा, आणि एमसीआर चपलांच्या मागणीपत्रात कुष्ठरोग्यांच्या आकड्याखाली बधीर पायाच्या मधुमेहींचाही आकडा लिहावा.